माहितीस्तव सविनय सादर

२२० : दार उघडं आहे

दोन मेल-सर्व्हर एकमेकांशी बोलतात ते असं; प्रत्येक उत्तराला एक ठरलेला आकडा असतो.

"नमस्कार. मी काजवली सागर प्रयोगशाळा."

"२५०. या."

"सुलक्षणा मयेकर यांचं पत्र आहे."

"२५०. बरं."

"जिल्हा इशारा कक्षासाठी."

"२५०. चालेल."

"वाचू?"

"३५४. वाचा. संपलं की शेवटच्या ओळीत फक्त एक टिंब द्या."

"काजवली खाडीतल्या तिसऱ्यांमध्ये विष सापडलं आहे. मर्यादेच्या साडेचारपट. शिजवूनही जात नाही. खाडी ताबडतोब बंद करावी."

"."

"२५०. मिळालं."

आणि मग ते पत्र फेकून देण्यात आलं.

२५० : मिळालं

सुलक्षणा मयेकरला यातलं शेवटचं वाक्य माहीत नव्हतं. तिच्या पडद्यावर 'मिळालं' एवढंच आलं होतं. अशी तीन 'मिळालं' तिच्याकडे जमली होती, तीन सोमवारची तीन. दर सोमवारी ती खाडीचं पाणी आणि तिसऱ्या, म्हणजे चिखलातले शिंपले, तपासायची. पाण्यात एक एकपेशीय शेवाळ वाढत होतं. इतकं बारीक की सुईच्या टोकावर शंभर बसतील. तिसरी पाणी गाळून खाते, त्यामुळे शेवाळातलं विष तिच्या मांसात साठतं. तिसरीला काही होत नाही. खाणाऱ्या माणसाचे आधी ओठ बधिर होतात, मग बोटं, आणि विष जास्त असेल तर श्वास.

हे तिने तीनदा लिहिलं. खाडी बंद झाली नाही. मंगळवारी सकाळी तिला पत्र आलं ते असं:

*कारणे दाखवा. तळेवाडीतील तीन महिला तिसऱ्या खाल्ल्याने हातपाय बधिर होऊन रुग्णालयात दाखल. आपल्या प्रयोगशाळेने गेल्या तीन आठवड्यांत एकही इशारा पाठवलेला नाही. खुलासा करावा. — नलिनी पेडणेकर, प्रमुख, इशारा कक्ष.*

नलिनी पेडणेकर म्हणजे नलू. सुलक्षणाची सख्खी धाकटी बहीण.

प्रयोगशाळेचे शिपाई तोडणकर, निवृत्तीला चार महिने राहिलेले, तिच्या खांद्यावरून पत्र वाचत होते. "बहिणीने काढली नोटीस? आमच्याकडे बहिणी फार तर बोलायचं टाकतात."

सुलक्षणाने फोन लावला.

"नलू, तू मला नोटीस काढलीस?"

"ऑफिसात मी नलू नाही."

"बरं. पेडणेकर मॅडम, डोळे तपासून घ्या. तीन पत्रं पाठवलीत मी."

"एकही आलेलं नाही."

"माझ्याकडे 'मिळालं' आहे. तीनदा!"

"ताई, तळेवाडीच्या एका बाईला अजून नळीने श्वास देतायत. चुकलीस तर चुकले म्हण ना. लहानपणापासून तुला तेवढं जमत नाही."

"आणि तुला लहानपणापासून वाचायचा कंटाळा."

फोन कुणी आधी ठेवला यावर पुढे दोघींचं एकमत झालं नाही.

सुलक्षणाने खुलासा लिहिला आणि पाठवला. 'मिळालं' आलं. दुपारी नलिनीकडून एक ओळ आली: *खुलासा अद्याप अप्राप्त.*

आता तिने कॅलेंडर पाहिलं, आणि ते नोकरीच्या काळजीने नव्हे. शुक्रवारी अमावास्या होती. त्या दिवशी खाडीला मोठी सुकती लागते. पाणी इतकं मागे हटतं की एरवी न दिसणारा चिखल उघडा पडतो, आणि बावीस वाड्यांच्या बायका टोपल्या घेऊन त्यात उतरतात. एका ओहोटीत दोन हजार घरांत तिसऱ्या जातात. तीन दिवस उरले होते.

आणि इशारा फोनवर देता येत नव्हता. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा यंत्राने एका अधिकाऱ्याच्या हुबेहूब आवाजात लाटेचा इशारा दिला होता, आणि त्या पळापळीत माणसं चेंगरली होती. तेव्हापासून नियम झाला. इशारा निघेल तो प्रयोगशाळेच्या अधिकृत पत्त्यावरून आलेल्या पत्रावरच. फोन चालणार नाही, कागद चालणार नाही, सख्खी बहीण समोर उभी राहिली तरी चालणार नाही.

तरी गुरुवारी पहिल्या लाँचने सुलक्षणा निघालीच. तोडणकर बरोबर आले.

"तुम्ही कशाला?"

"तुम्ही दोघी भांडणार. कुणीतरी सोडवायला नको?"

४५१ : थोड्या वेळाने या

इशारा कक्षात दोन पडदे शेजारी शेजारी ठेवले गेले. डावीकडे सुलक्षणाचा, त्यावर चार वेळा 'मिळालं'. उजवीकडे नलिनीचा, रिकामा. दोघी बहिणींनी आधी आपला, मग दुसरीचा पडदा पाहिला. दोन दिवस एकमेकींना खोटं ठरवून झालं होतं, आणि आता दिसत होतं की दोघीही खरं बोलत होत्या.

"मग खोटं कोण बोलतंय?" नलिनीने विचारलं.

"दरवाजा," इम्तियाज फणसोपकर म्हणाला. कक्षाचा मेल-सर्व्हर तो सांभाळायचा. बोटाएवढी पेन्सिल कानामागे, जिचा त्याच्या कामात काही उपयोग नव्हता. "बसा मॅडम. हे जरा समजून घ्यावं लागेल."

त्याने समजावलं ते असं.

मेल-सर्व्हर नको असलेलं पत्र दोन ठिकाणी थांबवू शकतो. एक, दारातच. पाठवणारा अजून समोर उभा असतो, तेव्हा त्याच्या तोंडावर सांगायचं: '५५०, घेणार नाही.' पाठवणाऱ्याला कळतं आणि प्रश्न मिटतो. मधला एक प्रकार आहे, '४५१, थोड्या वेळाने या.' खरा सर्व्हर परत येतो, कचरा वाटणारा येत नाही, कारण त्याला दहा लाख दारं ठोठावायची असतात.

"म्हणजे 'उद्या या'," तोडणकर म्हणाले. "हा शोध आपल्या सरकारी ऑफिसांचा. परदेशी लोकांनी चोरला."

दुसरं ठिकाण म्हणजे दाराच्या आत. एकदा 'मिळालं' म्हटलं की जबाबदारी घेणाऱ्याची. नंतर कळलं की पत्र कचरा आहे, तर परत कुणाला पाठवणार? कचऱ्यावरचा पत्ता बहुतेक वेळा चोरलेला असतो. परत पाठवलं तर भलत्याच माणसाच्या दारात पडतं. म्हणून आत घेतलेला कचरा गुपचूप जाळायचा, ही जुनी रीत.

"पण जुन्या काळी दारात तरी 'नाही' म्हणायचे," इम्तियाज म्हणाला. "मग पत्रं लिहिणारी यंत्रं हुशार झाली. आपण एकाला 'नाही' म्हटलं की ते विचार करायचं, का म्हणाले असतील? एक शब्द बदलायचं, परत यायचं. रोज कोटी वेळा. आपला प्रत्येक नकार म्हणजे त्याचा एक धडा. आपणच त्यांची शाळा चालवत होतो. शेवटी ठरलं की शिकवायचंच नाही. ज्याचा संशय येईल त्याला गोड हसून म्हणायचं 'मिळालं', आणि पत्र खड्ड्यात. यंत्राला कळतच नाही आपण पकडले गेलो."

"आणि माणसाला?" सुलक्षणाने विचारलं.

इम्तियाजने पडद्यावर तिच्या प्रयोगशाळेची नोंद काढली.

"मी यंत्र आहे का हो?"

"तुमच्या प्रयोगशाळेची सर्व्हरकडची पत शून्य झालीय, मॅडम. चोवीस दिवसांपूर्वी. इतकी एकदम पडायचं कारण एकच असतं. सापळा."

सापळा म्हणजे असा पत्ता ज्यावर कुठलाच माणूस राहत नाही. तिथे पत्र पाठवणारा आंधळेपणाने याद्या वापरणारा असणार, म्हणजे यंत्र असणार. तिथे एक पत्र गेलं की पाठवणाऱ्याचं तोंड बंद. बोलतो, पण कुणाला ऐकू येत नाही.

"कुठला पत्ता आहे सापळा?"

"ते मलाही माहीत नाही. कुणालाच सांगत नाहीत, नाहीतर यंत्रं तेवढाच टाळतील. सरकारी कार्यालयाला नाव पूर्ववत करायचा एकच मार्ग आहे. सर्व्हर विचारतो: 'कोणत्या पत्त्यामुळे?' बरोबर उत्तर दिलं तर लगेच मोकळे. चुकलं तर महिनाभर पुन्हा विचारता येत नाही."

घड्याळात साडेअकरा झाले होते. ओहोटी दुसऱ्या दिवशी अकराला लागणार होती.

नलिनी म्हणाली, "ताई, तू आमच्याशिवाय आणखी कुणाला पाठवतेस?"

"कुणालाच नाही." मग सुलक्षणा थांबली. "प्रती जातात."

३५४ : वाचा

*प्रत : माहितीस्तव सविनय सादर —*

*१. मा. डॉ. दत्ताराम केळसकर, संचालक*
*२. मा. सागर सल्लागार, विभागीय कार्यालय*
*३. मा. सहायक संचालक, मत्स्य विभाग*

अशी चौदा नावं. मानाच्या क्रमाने. कुणी बदलून गेलं, कुणी निवृत्त झालं, कुणाचं ऑफिसच उरलं नाही. यादीत नाव वाढायचं, कमी कधी व्हायचं नाही. एखाद्याचं नाव काढणं म्हणजे त्याला 'तुम्हाला कळवायची आता गरज नाही' असं तोंडावर सांगणं. ते कोण करणार?

"केळसकर सर तर वारले," नलिनी हळूच म्हणाली. "दोन वर्षं झाली."

"यातले आणखी चौघे काय करतात मला ठाऊक नाही," सुलक्षणा तुटकपणे म्हणाली. "दोन ऑफिसं बंद पडलीत. अंदाजाने बोलू नकोस. मोजू या."

मोजणं तिला येत होतं. प्रयोगशाळेत एखादा नमुना दूषित निघाला आणि कुठल्या बाटलीमुळे ते कळेना, की ती बाटल्यांचे दोन गट करायची. एक गट तपासायचा. त्यात नसेल तर दुसऱ्यात आहे. मग त्याचे दोन गट.

इथे मात्र प्रत्येक तपासणीला एक धुतलेला, स्वच्छ पत्ता लागणार होता. त्या पत्त्यावरून अर्ध्या यादीला पत्र पाठवायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग त्याच पत्त्यावरून नलिनीला. नलिनीकडे पोचलं, तर ती अर्धी यादी साफ. नाही पोचलं, तर सापळा त्यात आहे, आणि तो पत्ता जळाला. आणि माणसाला आता जन्माला एकच पत्ता मिळतो. खाजगी पत्त्याला तो प्रश्नाचा मार्ग नाही; जळाला की त्याची पत परत यायला वर्ष लागतं. वर्षभर तुम्ही लिहाल ते सगळं 'मिळालं', आणि खड्ड्यात.

"माझा घ्या," तोडणकर म्हणाले.

"तोडणकर, वर्षभर—"

"माझं वाचतंय कोण? जावई वाचत नाही, मुलगी वाचत नाही. वर्षभर गप्प बसलो तर घरी सत्यनारायण घालतील."

पहिली चाचणी. पाठवणारे: तोडणकर. नावं: १ ते ७. दहा मिनिटं. मग नलिनीला: 'नमस्कार, मी तोडणकर.'
नलिनीचा पडदा: रिकामा.

तोडणकरांनी हात पुसले. "झालो मुका," ते म्हणाले, आणि लगेच पुढे बोलतच राहिले.

दुसरी चाचणी. नलिनी म्हणाली, "माझा स्वतःचा पत्ता घे." सुलक्षणाने तिच्याकडे पाहिलं. "बघतेस काय? सात बायकांना मला दर महिन्याला भिशीची आठवण करून द्यावी लागते. सुटेन." नावं: ४ ते ७. दहा मिनिटं.
पडदा: टिंग. *आलं.*

"आलं!" दोघी एकदमच ओरडल्या. मग एकदमच गप्प झाल्या, कारण मागच्या वेळी दोघी एकदम कधी ओरडल्या होत्या ते दोघींनाही आठवेना.

तिसरी चाचणी. तोच पत्ता, अजून स्वच्छ. नाव: फक्त ३.
पडदा: टिंग. *आलं.*

उरले दोन. सागर सल्लागार, आणि केळसकर सर.

दुपारचे पावणेदोन.

५५० : इथे कोणी राहत नाही

इम्तियाजने सोपा मार्ग सुचवला. "दोन नंबरला पाठवा. पोचलं तर सापळा एक नंबरच असणार. कुणाचाच पत्ता जळणार नाही."

"'असणार'?" सुलक्षणा म्हणाली. "आणि दोन्ही सापळे असले तर? किंवा खूण लागायलाच उशीर झाला तर? उत्तर एकदाच द्यायचंय. जळालेलं बघेन आणि मगच लिहीन."

"मग माझ्या पत्त्यावरून पाठव," नलिनी म्हणाली.

"नको. सरांना पत्र माझं जाईल."

तिला आता खरं म्हणजे ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी सर गेले, आणि त्यानंतर दर सोमवारी, अहवाल पाठवल्याच्या दुसऱ्याच मिनिटाला, एक छोटं पत्र परत यायचं. *५५०. हा पत्ता बंद आहे. इथे कोणी राहत नाही.* वर्षाहून जास्त काळ यायचं. शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुणाऱ्या मुलीला सरांनी हात धरून सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं होतं. त्यांचं नाव खोडायचं म्हणून ती कितीदा बसली, आणि कितीदा उठली. त्यापेक्षा ते परत आलेलं पत्र न वाचता बाजूला टाकणं सोपं होतं. मग महिन्याभरापूर्वी ती पत्रं यायची थांबली. तिला हायसं वाटलं होतं.

"असंच करतात," इम्तियाज खाली बघत म्हणाला. "बंद पत्ता आधी वर्षभर नकार देतो. खरा माणूस नकार वाचतो आणि नाव काढतो. यंत्र काढत नाही. वर्षानंतरही जो पाठवत राहील तो यंत्रच, असं धरतात आणि मग त्याच पत्त्याचा सापळा करतात. हा नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात तुमच्यासारखं कुणी आलंच नसेल, मॅडम."

सुलक्षणाने स्वतःचा पत्ता उघडला.

*ती. सरांस,*
*सा. न. वि. वि.*
*तुमचं नाव यादीतून माझ्याच्याने काढवलं नाही. त्यापायी तीन बायका आजारी पडल्या. हे तुम्हाला आवडलं नसतं, आणि तुम्ही ते चारचौघांत सुनावलं असतं. हे पत्र तुम्हाला मिळणार नाही. दुसऱ्या कशाला तरी मिळतंय का, ते बघायचं आहे.*
*— सुलक्षणा*

पाठवलं. 'मिळालं.'

दहा मिनिटं गेली.

मग तिने नलिनीला लिहिलं: *नलू, चुकले.*

नलिनी पडद्यासमोर बसली होती. एक मिनिट, दोन, पाच.

"आलं?"

"नाही."

"नीट बघ."

"नाही गं ताई. काही नाही आलं." नलिनीचा आवाज बदलला. "काय लिहिलं होतंस?"

"ते वर्षाने सांगेन," सुलक्षणा म्हणाली आणि खुर्ची ओढून सर्व्हरच्या प्रश्नासमोर बसली.

*कोणत्या पत्त्यामुळे?*

तिने सरांचा पत्ता टाइप केला. एकेक अक्षर. तिला तो पाठ होता.

*२५०. बरोबर. पत पूर्ववत.*

"२५० वर माझा आता विश्वास नाही," ती म्हणाली. तिने प्रयोगशाळेच्या पत्त्यावरून इशारा पाठवला. खाली प्रतींची यादी नव्हती. एकही नाव नाही.

टिंग.

तोडणकरांनी टाळी वाजवली. नलिनीने पत्र उघडलं, शिक्का तपासला, आणि बटण दाबलं. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी बावीस वाड्यांतले साडेसहा हजार फोन एकाच वेळी वाजले. कक्षातले चार धरून. चौघांनी आपापल्या फोनवर तोच मजकूर पुन्हा वाचला, जसं काही पहिल्यांदाच कळत होतं.

पण नलिनी उठली नाही. "ताई, हा पत्राचा नमुना कुणी केलेला?"

"सरांनीच. किनाऱ्यावरच्या सगळ्या प्रयोगशाळांसाठी."

"सगळ्या म्हणजे?"

"अकरा."

इम्तियाजने कानामागची पेन्सिल काढली आणि पहिल्यांदाच कागदावर तो आकडा लिहिला. अकराच्या अकरा प्रयोगशाळा चोवीस दिवस मुक्या होत्या. सगळ्यांकडे ढिगाने 'मिळालं', सगळ्यांना वाटत होतं की वरचे लोक दखल घेत नाहीत. सुलक्षणाने दहा फोन केले. प्रत्येकाला एकच वाक्य सांगितलं: "प्रतीतलं पहिलं नाव काढा आणि सर्व्हरला तेच नाव सांगा." बहुतेकांनी पलीकडून तोच प्रश्न विचारला: "पण बरं दिसेल का ते?" साडेचारपासून नलिनीचा पडदा थांबायला तयार नव्हता. टिंग. टिंग. टिंग. संध्याकाळपर्यंत आणखी दोन खाड्या बंद झाल्या. त्यातली एक इतकी विषारी होती की सुलक्षणाने आकडा दोनदा वाचला.

नलिनीने दिवसभरातलं शेवटचं काम केलं. सुलक्षणाची नोटीस मागे घेतली आणि नवीन काढली. राज्य मेल-सर्व्हर विभागाला. *कारणे दाखवा. न स्वीकारलेल्या पत्रास 'मिळालं' असे खोटे का सांगण्यात आले? नकार देणे हा आपला अधिकार आहे. खोटे बोलणे नाही.*

"ही पोचेल का?" सुलक्षणाने विचारलं.

"ही मी हातात घेऊन जाणार आहे. टेबलावर ठेवीन आणि ते वाचेपर्यंत उठणार नाही. तुला माहीत आहे मला."

"माहीत आहे. बिचारे."

२२१ : निरोप

शुक्रवारी अकराला पाणी मागे हटायला लागलं. सुलक्षणा धक्क्यावर उभी होती. दुपारी चारपर्यंत खाडीचा तळ उघडा पडला, काळाभोर, चकाकता, चालत पलीकडच्या तीराला जाता येईल असा. तिसऱ्यांच्या टोकांनी चिखलाला जागोजाग भोकं पडली होती. बगळे उतरले. माणूस एकही नाही. तळेवाडीपासून थेट समुद्राच्या तोंडापर्यंत एकही टोपली नाही, एकही वर खोचलेलं लुगडं नाही.

धक्क्याच्या पायऱ्यांवर मात्र पंधरा-वीस बायका बसल्या होत्या. रिकाम्या टोपल्या मांडीवर. त्यातली एक, दाभोळकरांची काकी, चिखलाकडे हात करून मोठ्याने बोलत होती.

"बघा गो बघा. वर्षात एकदा अशी सुकती लागते. एवढाल्या तिसऱ्या! आणि हात लावायचा नाही म्हणे. ती कोण प्रयोगशाळेतली मेली, मयेकरीण का कोण, घरात बसून काचेतून बघते आणि आमच्या पोटावर पाय देते. तिच्या चुलीत पाणी पडो!"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकीने आणखी काही भर घातली, ती लिहिण्यासारखी नाही.

सुलक्षणा दोन पायऱ्या खाली उतरली आणि काकीशेजारी जाऊन बसली. तिचा चेहरा इतका फुलला होता की काकी बोलायची थांबली.

"तुम्हाला फोन आला होता काकी? तीन वाजून दहा मिनिटांनी?"

"आला तर. सगळ्या वाडीला आला. तुम्ही कोण?"

"मी ती मयेकरीण," सुलक्षणा म्हणाली. "चुलीचं काय म्हणालात, ते जरा परत म्हणा."